लक्ष्मीकांत बेर्डे: तुमचा लक्ष्या सांगा

१६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा वय अवघं ५०. गिरगावात वाढलेला हा नट मुंबईकरांनी पडद्याआधी रंगमंचावर पाहिला. 'फार आवडायचे' एवढ्यावर थांबू नका, त्यांच्या कामातलं नेमकं काय लक्षात राहिलं ते लिहा. विनोदी नटाला टाळ्या मिळतात, पण त्याच्या कामाबद्दल बारकाईनं फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

गिरगाव
गणपतीतल्या नाटकांतून त्यांना अभिनयाची गोडी लागली, मग साहित्य संघात नोकरी करताना छोट्या भूमिका. आमच्या वाडीत हे सगळ्यांना तोंडपाठ. दर गणपतीत नाटकाच्या तालमीला कुणी कंटाळा केला की मोठी माणसं हाच दाखला द्यायची.

दादर
'टुरटुर' मी शिवाजी मंदिरला पाहिलं. हशा आला की ते घाईनं पुढचं वाक्य टाकत नसत. हशा ओसरू लागला की नुसती नजर फिरवायचे, आणि पुन्हा हशा! ते टायमिंग सिनेमात निम्मंच दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

लालबाग
संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' आला आणि मामानं आम्हाला सगळ्यांना भारतमाताला नेलं. लक्ष्या पार्वती होऊन पदर सावरतो, चिडला की आवाज एकदम परशाचा होतो, आणि लगेच घाबरून पुन्हा बाईचा. बाबा डोळे पुसत हसत होते. आईनं मध्येच आमच्याकडे वळून पाहिलं, बाबा हसताहेत हे आम्हालाही दिसावं म्हणून. त्या माणसाचे आमच्या घरावर उपकार आहेत.

बोरिवली
मी हौशी रंगभूमीवर काम करते. एका एकांकिकेत मला रिकाम्या खुर्चीशी भांडायचं होतं, ते काही केल्या खरं वाटेना. मग 'झपाटलेला' पुन्हा पाहिला. रामदास पाध्यांचा बाहुला कमालीचा, पण तात्या विंचूची भीती वाटते ती लक्ष्या घाबरतो म्हणून. आधी श्वास अडकतो, मग पाय मागे जातात, ओरडणं सगळ्यात शेवटी. मी तो क्रम तसाच उचलला.

परळ
हिंदीनं त्यांना नोकरच केलं, हा राग माझ्या मनातून जात नाही. तरी 'हम आपके हैं कौन' लिबर्टीला पाहताना ते आले की आमची अख्खी रांग ताठ बसायची.

विलेपार्ले
'एक होता विदूषक' (१९९२) चा उल्लेख कुणीच कसा केला नाही? पटकथा पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि लक्ष्मीकांत तमाशातला सोंगाड्या. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच सिनेमाला. मी विशीत पाहिला तेव्हा वैतागलो होतो, हसायला गेलो होतो ना! चाळिशीत मुलीबरोबर पाहिला. लोकांना हसवणाऱ्या माणसाची घुसमट त्यांनी किती कमी हालचालीत दाखवलीय! मुलगी म्हणाली, "बाबा, हे झपाटलेलावालेच का?" असल्या भूमिका त्यांना आणखी मिळायला हव्या होत्या.

दादर
पार्लेकर, अगदी खरं. आज रात्रीच पाहतो.