तुळशीबाग देऊळ की बाजार? जाहिरातीसाठी वर्दळ मोजताना जागेला एकच शिक्का पुरतो का?

नकाशेवाली, पुणे

होर्डिंग, बस शेल्टर, मेट्रोतले पडदे यांचा भाव आता नुसत्या 'चौक मोक्याचा आहे' या शब्दावर ठरत नाही. फोनच्या लोकेशनवरून कुठे किती माणसं येतात, किती वेळ थांबतात ते काढलं जातं. त्याआधी प्रत्येक जागेला एक प्रकार द्यावा लागतो. दुकान, दवाखाना, शाळा, स्टेशन, देऊळ. माझं रोजचं काम तेच आहे. नकाशावर जागेची हद्द आखायची आणि प्रकार लावायचा. तिथे येणारा माणूस खरेदीला आलाय, प्रवासाला निघालाय की दर्शनाला, हे पुढे त्या एका शब्दावरून धरून चालतात आणि जाहिरातही त्यावरूनच निवडतात.

गेल्या महिन्यात तुळशीबाग माझ्याकडे आली. यादीत ती 'बाजार' आहे. मला पटेना, म्हणून एक दिवस हातात काउंटर घेऊन मी तिथे उभी राहिले. सकाळी सातला शटरं खाली, पथारीवाल्यांचं सामान ताडपत्रीखाली दोरीनं आवळून बांधलेलं. येत होती ती पेशवाईतल्या त्या राममंदिरात जाणारी माणसं. बहुतेक म्हातारी, हातात फुलांची पुडी, फोन दिसला तर एखाद्याच्याच खिशात. अकराच्या सुमाराला डोक्यावर खोकी घेऊन हमाल येऊ लागले. संध्याकाळी सहाला बांगड्या, पर्स, कुकरच्या रिंगा यांच्यामधून वाट काढणाऱ्या बायका होत्याच, पण त्यांच्यात कितीतरी जण असे होते ज्यांना काहीच घ्यायचं नव्हतं. ते मंडईकडून लक्ष्मी रस्त्याला निघाले होते, एवढंच. आमच्या आकड्यात हे सगळे 'बाजाराचे ग्राहक'.

माझं म्हणणं असं : जागेला एक प्रकार लावणं थांबवा आणि वेळेप्रमाणे प्रकार लावा. तुळशीबाग सकाळी देऊळ आहे, दुपारनंतर बाजार आहे आणि दिवसभर वाट आहे. ऑफिसात हे मांडलं, तर रकाना एकच आहे असं उत्तर आलं. तुम्हाला काय वाटतं?

प्लॅनर, अंधेरी

ताई, तळमळ कळते, पण मी पूर्ण असहमत. मी जाहिरातीच्या जागा, म्हणजे साइट, विकत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. क्लायंटला बारा शहरांतल्या चारशे साइट उद्या संध्याकाळपर्यंत एका तक्त्यात हव्या असतात. प्रत्येक साइटला तीन प्रकार दिलेत की विकणारा सोयीचा प्रकार पुढे करणार. तोच फलक साडीवाल्याला बाजार म्हणून जाईल आणि अगरबत्तीवाल्याला देऊळ म्हणून. तीच माणसं दोनदा विकली जातील.

एकच शिक्का असण्यामागे कारण आहे. पूर्वी साइटचा मालक सांगेल तो आकडा आणि त्यानं दाखवलेला फोटो, यावर धंदा चालायचा. फोटो कुठल्या दिवशी काढला तेही कळायचं नाही. आता डिजिटल पडद्यांसाठी ओपनओओएच या घराबाहेरच्या जाहिरातींच्या खुल्या मानकाची जागांची वर्गवारी आहे. वरच्या पातळीला अकरा गट आहेत, त्यांत वाहतूक, किरकोळ विक्री, उघड्यावरचे फलक, शिक्षण, दवाखाने वगैरे येतात आणि प्रत्येकाला ठरलेला क्रमांक असतो. जगात कुठूनही पडदा घ्या, क्रमांकाचा अर्थ एकच. ढोबळ असेल, पण सगळ्यांना सारखा ढोबळ आहे. ज्याला त्याला आपल्या पेठेपुरती वर्गवारी करायची असेल, तर तुलना कशाची करायची?

नकाशेवाली, पुणे

त्याच वर्गवारीत बस शेल्टर कुठे आहे बघा. वाहतुकीत नाही, उघड्यावरच्या फलकांत आहे. म्हणजे तिथे प्रकार लागतो तो ज्यावर जाहिरात आहे त्या वस्तूला. ती वस्तू कुठे उभी आहे हे त्या शब्दात येतच नाही. कॉलेजसमोरचं शेल्टर आणि सरकारी हॉस्पिटलसमोरचं शेल्टर, दोघांचा क्रमांक एकच. एकीकडे विशीतली पोरं, दुसरीकडे रात्रभर जागलेले नातेवाईक, मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेले. क्रमांक सारखा म्हणून माणसंही सारखी मानायची?

आणि त्या अकरांत देऊळ नाही. आपल्या शहरांत सकाळची बरीच येजा देवळाकडे असते. ती कुठे बसवू?

बियाणेवाला, सातारा जिल्हा

मी या धंद्यातला नाही, पण पैसे भरणारा आहे म्हणून लिहितो. बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एका एजन्सीनं हायवेवरचा मोठा फलक गळ्यात मारला. वर्दळ प्रचंड, असं कागदावर रंगीत आलेखासकट दाखवलं. वर्दळ होतीच, खोटं नाही. पण ती पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची. ऐंशीच्या वेगानं जाणारा माणूस माझ्याकडं सोयाबीनचं बी घ्यायला थांबणार आहे का? दोन हंगाम पैसे गेले.

त्याच कागदात आमचा बाजारतळ 'मोकळं मैदान' म्हणून होता. वर्दळ नगण्य. वरून फोटो घेणाऱ्याला मैदानच दिसणार, कारण सहा दिवस तिथं पोरं क्रिकेट खेळतात. सातव्या दिवशी आठवडे बाजार भरतो आणि आजूबाजूची सगळी गावं उतरतात. कोथिंबिरीच्या जुड्यांपासून शेळ्यांपर्यंत सगळं. मी तळाला लागून असलेली भिंत रंगवून घेतली. गल्ल्याशेजारी वही ठेवलीय. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतो, पावणं, दुकान कसं कळलं? हायवेच्या दोन हंगामांत वहीत फलकाच्या नावावर चार नोंदी आहेत. भिंतीच्या नोंदींनी पानं भरलीत.

ताईंचं बरोबर आहे. फक्त तास धरून भागणार नाही, वार पण धरा.

पंढरपूरकर

वार धरून पण भागणार नाही. आमच्याकडे तिथी लागते. लाखभर वस्तीचं गाव, आषाढीला त्याच्या कितीतरी पट माणूस. वर्षाची सरासरी काढलीत तर तो आकडा ना आषाढीचा, ना आडदिवसाचा. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करणारे तर हमखास फसतात. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्याशी तिसरा आठवडा लावला की यंत्र सांगणार पंढरपूरची वर्दळ कोसळली. इंग्रजी कॅलेंडरवर आमची गर्दी मोजता येत नाही.

टेम्सकाठचा

मला वाटतं सगळेच चुकीच्या गोष्टीवर भांडताय. जागेचा प्रकार कितीही बारीक केलात तरी त्यातून 'जाहिरात कुणी पाहिली' हे कळणार नाही. मी लंडनमध्ये राहतो. इथे फलक किती जणांनी पाहिले याची 'रूट' नावाची मोजणी २०१३ पासून आहे, तिच्याआधी 'पोस्टार' होती. त्यांनी हजारो लोकांच्या हाती जीपीएस यंत्रं देऊन त्यांचा प्रवास नोंदवला. वेगळ्या प्रयोगांत माणसाची नजर फलकावर खरंच जाते का तेही तपासलं. फलकाचा आकार, अंतर, रस्त्याशी असलेला कोन, बघणारा पायी की गाडीत, या सगळ्यावरून आकडा खाली आणला. समोरून गेला म्हणजे दिसलं, हे गृहीतच त्यांनी सोडून दिलं.

तुळशीबागेत तर वेगळीच अडचण आहे. मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत जागा सांगतो. दोन्ही बाजूंनी इमारती आणि वर ताडपत्र्या असल्या की तो गल्ली ओलांडून पलीकडे दाखवतो. सप्टेंबर २०२४ पासून मंडईखाली मेट्रो आहे. जमिनीखालून जाणारा आणि वर भाजी घेणारा, नकाशावर दोघांचा ठिपका एकाच जागी पडू शकतो. आधी ठिपका खरा करा, मग त्याला नाव द्या.

प्लॅनर, अंधेरी

दादा, हजारो लोकांच्या हाती यंत्रं द्यायचा खर्च इथे कोण करणार? साइटचे मालक शेकड्यांनी, प्रत्येक पालिकेचे नियम वेगळे. तोवर आम्ही काय, डोळे मिटून साइट घ्यायच्या? प्रकार लावणं हाच हाताशी असलेला स्वस्त उपाय आहे. बियाणेवाल्या काकांचा हायवेही प्रकारामुळे फसला नाही. 'हायवे' हा शब्द वाचून एजन्सीनं त्यांना तो द्यायलाच नको होता. शिक्का बरोबर होता, विकणारा चुकला.

बियाणेवाला, सातारा जिल्हा

आणि बाजारतळाचा शिक्का? तो पण बरोबर होता का?

मुलुंडची वकील

इथे कुणी फोनवाल्याला विचारलं का? मला या धाग्यातली सगळ्यात मोठी भीती ताईंच्या सूचनेचीच वाटते. जागेचा प्रकार जितका नेमका आणि वेळ जितकी नेमकी, तितका माणूस उघडा पडतो. मंगळवारी सकाळी अमुक देवळात, दुपारी डायलिसिसच्या केंद्रात, शुक्रवारी मशिदीत. फोनधारकाचं नाव नसलं तरी रात्री तो फोन कुठल्या इमारतीत असतो त्यावरून घर कळतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२२ मध्ये फोनच्या लोकेशनची माहिती विकणाऱ्या कोचावा या कंपनीवर दावा केला तो याचसाठी. दवाखाने, प्रार्थनास्थळं, आसरागृहं इथल्या भेटी तिनं विकलेल्या माहितीतून शोधता येतात, हा आरोप होता. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचा पाया संमती हा आहे. टॉर्चचं ॲप घेताना 'परवानगी द्या' दाबणाऱ्या बाईनं तिची देवळातली सकाळ अगरबत्तीवाल्याला विकायला संमती दिली, असं मी मानत नाही.

देऊळ, दवाखाना, कोर्ट यांना प्रकार लावूच नका. त्या हद्दी कोऱ्या ठेवा.

नकाशेवाली, पुणे

हे मला लागलं, कारण यातलं बरंच खरं आहे. एकेका फोनचा माग मी बघत नाही, माझ्यापर्यंत तासाची एकूण संख्याच येते. पण माझ्याआधी कुणीतरी तो माग जोडलेला असतो, हे मी नाकारू शकत नाही. तरी हद्दी कोऱ्या ठेवणं मला जमणार नाही. कोरं ठेवलेलं देऊळ शेजारच्या बाजाराच्या आकड्यात मिसळतं आणि पुन्हा तीच म्हातारी माणसं पर्सचे ग्राहक ठरतात.

घाटकोपर पूर्व

थोडं अवांतर. १३ मे २०२४ ला आमच्या इथे फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, तो होता १२० बाय १२०. पूर्व द्रुतगती मार्गावरचे किती डोळे त्या फलकावर पडतात हा हिशोब नक्की कुणीतरी केला असणार. खाली किती माणसं उभी असतात तो हिशोब कुठल्या रकान्यात होता? जागांना प्रकार देताच आहात, तर फलकाच्या सावलीतली जागा कोणत्या प्रकारची आहे तेही लिहा.

प्लॅनर, अंधेरी

हे मान्य. हा रकाना मी स्वतः मागेन.

मूळ मुद्द्यावर एक अट घालून मागे येतो. मुख्य शिक्का एकच राहू दे. त्याखाली वेळेचे उपप्रकार द्या, पण सगळ्या उपप्रकारांची बेरीज मुख्य आकड्याएवढीच आली पाहिजे. एक माणूस एका वेळी एकाच खान्यात. तसं केलंत तर दोनदा विकायला वाव राहत नाही. वार आणि तिथीसाठी सरासरीऐवजी त्या त्या दिवसाचा आकडा वेगळा द्या.

नकाशेवाली, पुणे

बेरजेची अट मान्य. पण सकाळी सातच्या ज्या माणसांच्या खिशात फोनच नव्हता, ती बेरजेत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी हातानंच मोजावं लागेल, निदान चार-सहा सकाळी. येत्या शनिवारी मी परत उभी राहणार आहे.

मुलुंडची वकील

हातानं मोजायला माझा विरोध नाही. सकाळची पहिली गाडी पकडली तरी सातला पोचणार नाही, नऊला येते. जादा काउंटर आहे का?

नकाशेवाली, पुणे

आहे. देवळाच्या दाराशी मी असेन, तुम्ही लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी उभ्या राहा.