दापोलीत नवीन आहे. चालायला रान कुठे, आणि आत शिरायला कोणाला विचारायचं?

वर्ध्याची_पायपीट

नमस्कार. मी वर्ध्याची. यंदा कोकण कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि भर पावसात दापोलीत आले. आता पाऊस थांबलाय, सकाळी धुकं पडतंय, आणि वसतिगृहात बसवत नाही.

आमच्याकडे रानात जायचं म्हणजे बोर अभयारण्य. फाटकावर जायचं, तिकीट काढायचं, गाइड घ्यायचा, सांगतील त्या वाटेने जायचं. इथे चहूकडे हिरवंगार आहे, पण अभयारण्याचा बोर्ड कुठेच दिसत नाही. मागच्या रविवारी मैत्रीण आणि मी एका छान दगडी वाटेने निघालो, तर ती वाट थेट कुणाच्या तरी अंगणात गेली. घरात कोणी दिसेना, म्हणून मागे फिरलो.

गाडी नाही, एसटीनेच जाऊ. अर्ध्या दिवसात होतील अशा वाटा कोणत्या? जवळ एखादं राखीव जंगल आहे का? आणि लोकांच्या जागेतून गेलेलं इथे चालतं का? मला झाडांची आवड आहे, पक्षी नुकते शिकतेय.

टपालवाट

ताई, दापोलीत स्वागत. मी या तालुक्यात ग्रामीण डाकसेवक होतो, आता निवृत्त आहे. डांबरी रस्ते वाडीवाडीपर्यंत पोचायच्या आधी टपाल पायीच जायचं, त्यामुळे वाटांबद्दल मला सांगता येईल.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे. दापोली तालुक्यात अभयारण्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगलच फार थोडं. डोंगर दिसतो तो कुणाच्या तरी सातबारावर असतो, बऱ्याचदा वीस-पंचवीस हिस्सेदारांच्या नावावर, आणि त्यातले निम्मे मुंबईत. म्हणून फाटक नाही, तिकीट नाही. पण वाट मात्र गावाची असते. तुम्ही ज्या दगडी वाटेने गेलात ती पाखाडी. जांभ्या दगडाची, दोन्ही बाजूंना गडगे, वाडीतून देवळाकडे, विहिरीकडे, पुढच्या वाडीकडे जाणारी. ती अंगणातून जाते कारण घरं तिच्या कडेने उठली. अंगणात पाय ठेवायच्या आधी "कोण आहे का घरात?" अशी हाक द्या आणि कुठे जायचंय ते सांगा. कोणी नसेल तरी पाखाडीने पुढे जायला हरकत नाही. बेडं, म्हणजे वाटेवरचं आडवं फाटक, लावलेलं असेल तर काढून आत जा आणि मागे तसंच लावा, नाहीतर गुरं शेतात शिरतात. एवढं पाळलंत तर तुम्हाला कोणी अडवणार नाही, उलट पाणी विचारतील.

पहिली वाट म्हणून आसूदच्या केशवराजला जा. हर्णैकडे जाणारी एसटी पकडायची, सहा-सात किलोमीटरवर आसूदबागेत उतरायचं. तिथून वाट खाली पोफळीच्या बागांत उतरते. दुपारी बाराला गेलात तरी आत ऊन नाही. पाटाचं पाणी वाटेशेजारून वाहतं, पुढे नदीवर साकव, आणि साकव ओलांडला की पायऱ्यांची चढण. वर देऊळ, गोमुखातून पडणारं बारमाही पाणी, आणि भोवती मोठी जुनी झाडं. लोक गाडी लावतात, दर्शन घेतात, तासाभरात परत. तुम्ही तसं करू नका. साकवाजवळ अर्धा तास गप्प बसा. पाण्याच्या आवाजातही शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, अगदी माणसाने वाजवावी अशी. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर लांब शेपूट घेऊन पोफळींतून जातो तो हिवाळ्यात बघायला मिळतो. परतताना त्याच गावातलं व्याघ्रेश्वर करा. या बागांतल्या पोफळी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आडव्या केल्या होत्या. पोफळ लावल्यापासून नीट उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं लागतात. तिथली कोवळी झाडं दिसली तर ती कोणी आणि कशी उभी केली असतील याचा विचार करा आणि कशालाही हात लावू नका.

दुसरी वाट पन्हाळेकाजी. दापोलीपासून साधारण तीस किलोमीटर, वाकवलीच्या बाजूने. गाडी सकाळी कधी आणि परतीची कधी हे आगारात विचारूनच निघा. नदीकाठी २९ लेणी आहेत. बौद्धांपासून नाथपंथापर्यंत एका कातळात शेकडो वर्षं कोरकाम झालेलं. नदीकाठाने वर-खाली चालण्यासारखं आहे. पण नदीत उतरायचं नाही. ही नदी दाभोळच्या खाडीला मिळते आणि त्या पाण्यात मगरी आहेत.

वेळेचं सांगतो. आता कापणी उरकली की शेतं मोकळी, वाटा मोकळ्या. मोहोर आला की आंब्याच्या बागांत फवारण्या सुरू होतात, तेव्हा बागेतून जाणारी वाट टाळा. मार्चपासून बागेत राखणदार असतात, विचारल्याशिवाय आत पाय नको. पावसात भाताचे बांध मऊ असतात, त्यावरून चालून ते फोडू नका. आणि दिवस मावळायच्या आत डांबरी रस्त्याला लागा. बिबट्या आहे, पण मला जास्त काळजी रानडुकरांसाठी रात्री बंदूक घेऊन बसणाऱ्यांची आणि फासक्यांची वाटते.

एक मनापासूनची विनंती. चालत राहा आणि मित्रमैत्रिणींनाही न्या. या मुलखात माणसं चालत होती. महर्षी कर्वे मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, साने गुरुजी दापोलीच्या शाळेतून पालगडला घरी चालत जात. आता दोन वाड्यांमध्ये चालत वीस मिनिटं लागतात तिथे लोक रिक्षाने वळसा घालून जातात. पाखाडीवर दोन पावसाळे कोणी फिरकलं नाही की करवंदीच्या जाळ्या तिला बुजवतात, मग कोणी चिरे काढून नेतो, आणि वाट गेली ती गेलीच. ज्या वाटांनी मी पत्रं नेली त्यातल्या कितीतरी आज मलाही सापडत नाहीत.

कातळफूल

वरच्या काकांनी वाटांचं सांगितलं, मी झाडांचं सांगतो. मी इथल्याच वनशास्त्र महाविद्यालयात शिकलो.

राखीव जंगल शोधत असाल तर ते देवरहाटीच्या रूपात आहे. जवळजवळ प्रत्येक गावात ग्रामदेवतेच्या देवळामागे एक तुकडा असतो. कुठे दोन गुंठे, कुठे काही एकर. तिथे ऐन, किंजळ, बेहडा, बकूळ, सुरंगी अशी झाडं इतक्या वयाची दिसतात की बाहेरच्या डोंगरावर तेवढं खोड मिळणार नाही, कारण बाहेर वीटभट्टी आणि कोळशासाठी तोड होत राहते. आधी गुरवाला भेटायचं. काही रहाटींत चप्पल काढावी लागते, काहींत बायकांना अमुक जागेपलीकडे जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, पण तिथे जाऊन वाद घालण्यापेक्षा दुसरी रहाटी बघा, तालुक्यात पुष्कळ आहेत. वाळकं पानही घरी न्यायचं नाही हा नियम मात्र मला फार मोलाचा वाटतो. हर्बेरियमसाठीसुद्धा नाही. नमुने विद्यापीठाच्या आवारात मिळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. फुलं थेट फांदीला चिकटून येतात. झाड दिसायच्या आधी वास येतो. उक्षी आणि पांगाराही त्याच सुमाराला. धनेश पक्षी बघायचा असेल तर फळांनी लगडलेल्या वडा-उंबराखाली सकाळी थांबा.

सड्यांचा हंगाम तुमचा यंदा हुकलाय. जांभ्याचा उघडा कातळ उन्हाळ्यात करपलेला दिसतो आणि बाहेरचे लोक त्याला पडीक म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघा. बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा, आणि किडे पकडणारा दवबिंदू. सीतेची आसवं मुळासारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते, कारण त्या पातळ मातीत नत्र जवळपास नसतंच. तिथे उघड्या खडकावरूनच चाला, फुलांच्या ताटव्यात पाय नको.

दोन धोके. एक फुरसं, हा विषारी साप. सड्यावर दगडाखाली असतं, रंग मातीसारखा, म्हणून दगड उलटायचा नाही आणि बूट घालूनच जायचं. चावलं तर घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं असलं काही न करता हातपाय हलवू न देता थेट उपजिल्हा रुग्णालय. दुसरा धोका बंद पडलेल्या चिरेखाणींचा. कडा सरळ तुटलेला, कठडा नाही, आत पाणी.

पक्ष्यांचं घरटं सापडलं तर जागा कुठेही लिहू नका, इथेही नाही. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो आणि फोटोवाले त्याच्या मागे लागतात.

आगरातली

मी आंजर्ल्याची. रानाचं झालं, समुद्राकडे कोणी वळलंच नाही!

तुम्ही मुली आहात म्हणून आधी ते सांगते. गावात काही भीती नाही, पण एकट्याने सुनसान सड्यावर जाऊ नका, आणि निघताना वसतिगृहात वाट सांगून निघा. वाडीत आधी बायकांना विचारा. पाणी कुठे, वाट कुठे तुटलीय, कुत्रं कुठलं चावरं, सगळं त्यांना ठाऊक असतं.

कर्दे ते मुरुड पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सलग आहे. हिवाळ्यात कुरवांचे थवे उतरतात, कडेला चिखले पळत असतात. थवा दिसला की वळसा घालून जा. हजारो किलोमीटर उडून आलेत, त्यांना उगाच उठवायचं नाही.

कासवांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल या. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, आता आमच्याकडे आणि तालुक्यातल्या इतर किनाऱ्यांवरही होतं. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते, कासवमित्र पहाटे ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. २०२२ मध्ये वेळासच्या प्रथमा आणि आमच्या सावनी या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्र लावलं, तेव्हा आख्खं गाव त्यांची खबर विचारत असे. पिल्लं निघतील की नाही हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, म्हणून मुक्कामाला या. आणि रात्री पुळणीवर बॅटरी मारत फिरू नका, मादी अर्ध्यातून परत जाते.

खाडीपलीकडचा

बोर्डवालं अभयारण्यच हवं असेल तर फणसाड. रायगड जिल्ह्यात, मुरुड-जंजिऱ्याजवळ, सुमारे ५४ चौरस किलोमीटर, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. आत शेकरू आहे, आणि पाणवठ्यांना तिथे गाण म्हणतात. वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा अशा दोन फेरीबोटी करून जावं लागतं, सुपेगावला मुक्काम. एका दिवसात नाही जमत. सलग सुट्टीला ठेवा.

वर्ध्याची_पायपीट

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं उत्तर मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती पाखाडी पुढे कुठे जाते हे आता बघूनच येऊ. केशवराज परवा करतो. येत्या रविवारी कर्दे-मुरुड करायचा विचार आहे. ताई, भरती-ओहोटीचं कसं कळतं? मी समुद्रच पहिल्यांदा बघितला तो इथे.

आगरातली

कालनिर्णय बघ. पंधरवड्यातली तिथी घे आणि पाऊणपट कर. येतील ते भरतीचे तास, त्यात सहा मिळवले की ओहोटी. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण चालायला पुरतं.

वर्ध्याची_पायपीट

रविवारी एकादशी आहे. म्हणजे सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. बरोबर?

आगरातली

बरोबर. पण सव्वादोनला डोक्यावर ऊन, आणि एकादशीला भांग असतो, पाणी फार मागे जात नाही. त्यापेक्षा हा रविवार पाखाडीला द्या. त्याच्या पुढच्या रविवारी तृतीया येते, ओहोटी सकाळी सव्वाआठला आणि पाणीही लांब हटेल. सातपर्यंत कर्द्यात पोचा. सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी आगारात विचारा.