मदत हवी: ईमॅक्स या एडिटरच्या आतूनच सिमलिंकांचे (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंकांचे) पत्ते बदलायचेत, एकेक करत बसलो तर जीव जाईल

मंडळी, काल रात्री एक आगाऊपणा केला त्याची फळं भोगतोय. माझ्या सगळ्या कॉन्फिग (प्रोग्रामांच्या सेटिंग्जच्या) फायली एका गिट रेपोत (बदलांचा इतिहास राखणाऱ्या फोल्डरात) असतात, फोल्डरचं नाव डॉट्स, आणि होममध्ये आणि .कॉन्फिगच्या पोटात जागोजागी त्यांच्या सिमलिंका टाकून ठेवल्यात, माझ्या हिशोबाने एकूण ४३. काल आवराआवरीची हुक्की आली म्हणून तो डॉट्स उचलून कोड नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवला आणि झोपलो. सकाळी टर्मिनल उघडलं तर प्रॉम्प्ट ओकाबोका, एकही एलियस (कमांडचं टोपणनाव) चालेना, ईमॅक्स पण कोऱ्या पाटीसारखा उघडला. आता कळतंय की लिंकेत नुसता पत्ता लिहिलेला असतो आणि मी सगळे पत्ते पार मुळापासून लिहिले होते, /होम/मी/डॉट्स/अमुकतमुक असे, आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही.

टर्मिनलात लूप लिहा असं सांगणार असाल तर थांबा. मागे एकदा लिहिला होता, फोल्डरच्या लिंकेवर 'एलएन -एसएफ' (लिंक बनवायची कमांड) मारलं, '-एन' द्यायचं राहिलं, झालं, जुनी लिंक तशीच आणि खऱ्या फोल्डरच्या आत एक नवी आगाऊ लिंक जन्माला आली. दोन महिन्यांनी सापडली ती. तेव्हापासून मला लिंकेचं नाव आणि ती कुठे जाते हे दोन्ही डोळ्यांसमोर पाहिजे, मगच हात लावणार.

म्हणून डायर्ड (ईमॅक्समधलं फायलींच्या यादीचं पान) उघडलं, तर तिथे फायलींची नावं नुसती, बाण नाही की पत्ता नाही. लिंका तुटल्यात एवढं रंगावरून समजतं. कॅपिटल एस दाबून एक लिंक नव्याने करून बघितली तर तिने पण पुन्हा मुळापासूनचाच पत्ता लिहिला, म्हणजे उद्या होमचंच नाव बदललं की परत हेच रडगाणं. सगळ्या एकदम बदलता येतात का? आणि डायर्डमधून लिंक डिलीट केली तर मागची खरी फाईल उडते का हो? (हसू नका, फोल्डरच्या लिंकेवर डी दाबायला अजून हात धजावत नाही.)

अजून एक, होममध्ये '.#' ने सुरू होणारी एक तुटकी लिंक दिसतेय, ती मी केलेली नाही. पत्त्याच्या जागी माझं युजरनेम, ॲट, मशीनचं नाव आणि पुढे आकडे असलं काहीतरी आहे. व्हायरस वगैरे नाही ना?

प्रतिसाद १:
व्हायरस नाही, ते ईमॅक्सचं कुलूप आहे :) तुम्ही एखाद्या फायलीत बदल करून सेव्ह केलं नाहीत की ईमॅक्स शेजारी अशी लिंक टाकतो, तीच फाईल दुसऱ्या ईमॅक्सात कोणी बदलायला गेलं तर त्याला सावध करायला. ती कुठे जाण्यासाठी नसतेच, पत्त्याच्या जागी कुलूप कोणाचं आणि कुठल्या प्रोसेसचं ते लिहिलेलं असतं. सेव्ह करा, जाईल.

डिलीटचं भय सोडा, डायर्ड लिंकच काढतो, फोल्डरची असली तरी.

पत्ते दिसत नाहीत कारण तुमच्याकडे तपशील लपवायचा मोड चालू असणार, डायर्डमध्ये उघडा कंस '(' दाबा. तो मोड परवानग्या, तारखांबरोबर लिंकांचे पत्ते पण लपवतो. मग कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबा. आता ते पान साध्या मजकुरासारखं एडिट होतं, फायलींची नावं तर बदलतातच पण बाणाच्या पुढचा पत्ता पण बदलतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मेटा-% ने (मेटा म्हणजे ऑल्ट) शोधा-बदला करा, जुन्या जागी '/डॉट्स/', नव्या जागी '/कोड/डॉट्स/', दोन्हीकडे तिरकी रेघ ठेवा, नाहीतर नावात डॉट्स असलेली एखादी फाईल पण फुकट बारशाला बसेल. मग कंट्रोल-सी कंट्रोल-सी. काही चुकलं वाटलं तर त्याआधीच कंट्रोल-सी कंट्रोल-के, सगळं जैसे थे.

प्रतिसाद २:
एवढा उपद्व्याप कशाला? जुन्या जागी डॉट्स नावाची एकच लिंक टाका, नव्या जागेकडे जाणारी. ४३ च्या ४३ लगेच जिवंत.

धागाकर्ता:
@२ सुचलं होतं, पण मग लिंकेवर लिंक, आणि सहा महिन्यांनी मीच ती कचरा समजून उडवणार, स्वतःला ओळखून आहे.

@१ साष्टांग नमस्कार! होममधल्या १२ झाल्या पण, बाणापुढचा मजकूर बदलताना बघून अंगावर काटा आला. पण बाकीच्या .कॉन्फिगमध्ये खोल खोल फोल्डरांत विखुरल्यात, प्रत्येक फोल्डर उघडत बसू?

प्रतिसाद १:
नाही नाही. एम-एक्स (म्हणजे मेटा-एक्स) दाबून फाइंड-डायर्ड लिहा, फोल्डर होम द्या, आणि अटीत '-एक्सटाइप एल'. लिनक्सवरच्या फाइंडला (फायली शोधणारी कमांड) याचा अर्थ फक्त तुटलेल्या लिंका. सगळ्या एकाच डायर्ड पानावर येतात आणि तिथे पण कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू चालतं.

पत्ता सापेक्ष हवा असेल तर कॅपिटल एसऐवजी कॅपिटल वाय. जुन्या आवृत्तीत ते डायर्ड-एक्स (डायर्डची जादा सोयींची जोडणी) लोड केल्यावरच मिळतं. हाताने लिहिणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की सापेक्ष पत्ता लिंक ज्या फोल्डरात बसलीये तिथून मोजतात, तुम्ही कुठे उभे आहात तिथून नाही. निम्म्या लिंका इथेच तुटतात.

धागाकर्ता:
फाइंड-डायर्डने २९ दाखवल्या, झाल्या पण. १२ आणि २९ म्हणजे ४१. उरलेल्या दोन, टीमक्सची (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) आणि गिटची कॉन्फिग, त्या लिंकाच नाहीयेत! साध्या फायली होऊन बसल्यात, आणि मी महिनाभर त्याच एडिट करत होतो. रेपोत गिट स्टेटस (काय बदललंय ते) विचारलं की सगळं स्वच्छ, तेव्हाच शंका यायला हवी होती. हे सेव्ह करताना ईमॅक्सने केलं का?

प्रतिसाद ३:
ईमॅक्स लिंकेतून पलीकडे जाऊन खऱ्या फायलीतच लिहितो. सेडवर (फायलीतला मजकूर बदलणारी कमांड) संशय आहे माझा. 'सेड -आय' कधी चालवलं होतं का या फायलींवर? ते नवी फाईल बनवून जुन्या नावावर आणून ठेवतं, म्हणजे लिंक गेली आणि तिच्या जागी साधी फाईल. '--फॉलो-सिमलिंक्स' दिलं तर लिंक वाचते.

धागाकर्ता:
हो राव, गेल्या महिन्यात ईमेल पत्ता आणि रंगांची नावं बदलायला चालवलं होतं. या दोनच फायलींवर.

दोन्ही ईडिफ (ईमॅक्समधलं फायलींतला फरक दाखवणारं साधन) लावून रेपोतल्या फायलींशी जुळवल्या, महिन्याभराचे बदल आता कुठे गिटमध्ये गेले. मग होममधल्या उडवल्या आणि कॅपिटल वायने लिंका परत टाकल्या. आता फक्त ती फाईल उघडताना दर वेळी 'गिटमधल्या फायलीची लिंक आहे, पाठपुरावा करू का' असं विचारतो ते बंद कसं करायचं?

प्रतिसाद १:
व्हीसी-फॉलो-सिमलिंक्स हे व्हेरिएबल टी (म्हणजे हो) करा, न विचारता थेट खरी फाईल उघडेल. निल (म्हणजे नाही) करू नका, मग लिंकेच्याच नावाने उघडते आणि ईमॅक्सच्या गिटच्या सोयी तिथे लागत नाहीत.