शैक्षणिक तंत्रज्ञान : पीएच.डी.चा विषय आणि संशोधनपद्धती

प्रश्न (पाटण, जि. सातारा) :
मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवीच्या एका तुकडीला कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सराव-ॲप, दुसरीला नेहमीचे अध्यापन आणि शेवटी पूर्व व उत्तर चाचणीतील गुणांची तुलना, असा आराखडा मी केला आहे. सध्याच्या संशोधनाचा कल पाहता तो टिकेल का?

उत्तर १ (सांगली) :
विषय साधनांमागे धावतात. 1975-76 मध्ये उपग्रह दूरचित्रवाणी होती, 2012 च्या सुमारास मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम आले आणि 2022 च्या अखेरीपासून चॅटजीपीटी. ‘अमुक साधनाची परिणामकारकता’ हे शीर्षक मात्र हलत नाही. अमेरिकी शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच मांडले होते की, शिकणे घडते ते अध्यापनपद्धतीमुळे, माध्यम केवळ वाहक असते. आपल्या आराखड्यात ॲपसोबत जादा सराव, तत्काळ प्रत्याभरण (उत्तरावर लगेच मिळणारा प्रतिसाद) आणि नवलाई हे सारेच एका तुकडीकडे जाते, त्यामुळे फरक आढळला तरी तो कशाचा, हे सांगता येणार नाही. शिवाय ‘अ’ तुकडी गुणांवरून पाडलेली असेल, तर तुलना मुळातच लंगडी.

उत्तर २ (कराड) :
तुलनाच नको, असे मला वाटत नाही. दिल्लीतील माइंडस्पार्क या संगणकीय सराव-प्रणालीच्या केंद्रांच्या अभ्यासात (प्रकाशन 2019) विद्यार्थी सोडतीने निवडले होते आणि साडेचार महिन्यांत गणितात 0.37 प्रमाण विचलनाची (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) वाढ दिसली. पण तिथेही शाळेबाहेरचा जादा वेळ आणि लहान गटांतील शिकवणी सोबत होतीच. एकट्या संशोधकाला ॲन ब्राऊन व ॲलन कॉलिन्स या शिक्षण-संशोधकांनी 1992 मध्ये मांडलेली आराखडा-आधारित पद्धत अधिक झेपेल, कारण तीत उपक्रम वर्गातच वारंवार सुधारला जातो. ॲपमधील नोंदींच्या विश्लेषणाचाही सध्या बोलबाला आहे. मात्र रेंज गेल्यामुळे थांबलेला मुलगा त्या नोंदींत निष्क्रिय ठरतो, हे डोंगरी भागात विसरून चालणार नाही.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. परंतु संशोधन समिती शून्य परिकल्पना (‘दोन गटांत फरक नाही’ असे तपासून पाहायचे विधान) मागणारच.

उत्तर १ :
मग दोन्ही गटांना तेच ॲप आणि तेवढाच वेळ द्या. एका गटाला उत्तर बरोबर की चूक एवढेच कळू द्या, दुसऱ्याला चुकीच्या पायरीवर सूचना मिळू द्या, आणि गट तुकडीनुसार न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडा. परिकल्पना प्रत्याभरणाच्या प्रकाराविषयी मांडता येईल. ॲप उद्या बंद पडले तरी तो निष्कर्ष दुसऱ्या साधनावर तपासता येईल. पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी.