मदत हवी आहे: ९ वर्षांची मुलगी, जीभ उजवीकडे वळते, एमआरआय नॉर्मल

बालरोग_नाशिकरोड:
सर्दी-तापानंतर दोन आठवड्यांनी जीभ बाहेर काढली की उजवीकडे वळू लागली. 'ळ', 'ण' नीट उमटत नाहीत, घास उजव्या गालात साठतो. मार लागलेला नाही, मान दुखत नाही. चेहरा, टाळू, आवाज, फंडस (डोळ्याचा मागचा पडदा) ठीक. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. कारण अज्ञात धरून स्टेरॉइड सुरू करावं का?

बालमेंदू_तज्ज्ञ:
डॉक्टर, इतक्यात 'अज्ञात' नको. जीभ हलवणारी बारावी नर्व्ह मेड्युलातून (मेंदूच्या देठाच्या खालच्या भागातून) निघून कवटीच्या तळातल्या हायपोग्लॉसल कॅनालमधून बाहेर पडते, मानेत कॅरॉटिडलगत (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीलगत) उतरते आणि मग जिभेत शिरते. मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये कॅनालच्या खालचा हा भाग नीट येतच नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: कवटीचा तळ ते हायॉइड (जिभेखालचं हाड), बारीक काप, कॉन्ट्रास्टसह, शिवाय मानेचा एमआर अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) आणि फॅट-सॅट टी१ (चरबीची चमक दाबून घेतलेला एमआरआय). फॅट-सॅट नसेल तर कॅरॉटिडच्या भिंतीत साकळलेलं रक्त भोवतीच्या चरबीत लपून जातं. जुन्या स्कॅनची सीडीच मागवा, फिल्मच्या मोबाइल फोटोवर कॅनाल कळत नाही.

स्टेरॉइडआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी पाहणं) कराच. ल्युकेमिया किंवा लिम्फोमा (रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असेल तर स्टेरॉइडने तो तात्पुरता दबतो आणि निदान हातचं जातं. मानेतल्या गाठी चाचपा, ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) तपासा. तसंही या आजारात स्टेरॉइडचा पुरावा तोकडा आहे.

जीभ तोंडात सैल पडलेली असताना टॉर्चने पाहा. बाहेर काढलेली जीभ निरोगी मुलाचीही थरथरते, त्यावरून फॅसिक्युलेशन (नर्व्ह दुखावल्याने होणारी स्नायूंची फडफड) ठरवू नका. उजवी कड सुरकुतलेली, पातळ दिसली तर दुखणं दोन आठवड्यांहून जुनं असण्याची शंका घ्या.

सगळं नॉर्मल आलं तरच विषाणूनंतरचा पाल्सी (नर्व्हचा लकवा) म्हणता येईल. तो बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतो. तीन महिन्यांत फरक नसेल तर स्कॅन पुन्हा करा. आवाज बसला, पाणी पिताना ठसका लागला, सकाळी डोकं दुखून उलटी झाली किंवा तोल गेला तर त्याच दिवशी भरती करा. अशा वेळी पालकांना थेट मुंबईला निघू देऊ नका, कसारा घाटात श्वास अडकला तर हाताशी काही नसतं. आधी नाशिकमध्येच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी स्थिर करा.

वाचा_उपचार:
तोवर घास डाव्या बाजूला द्या. मऊ, घट्टसर वरणभात चालेल, शेंगदाणे-चिवडा बंद. जेवण झाल्यावर आरशात पाहून उजवा गाल बोटाने साफ करायला शिकवा.

बालरोग_नाशिकरोड:
धन्यवाद. स्मिअर आजच पाठवतो, स्टेरॉइड थांबवलं आहे. मानेच्या स्कॅनचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.