यादीचे आकडे चुकतायत आणि टेबलच्या दोन ओळी बाहेर पडतायत, काय चुकतंय?

शिकतोय_रोज:

नमस्कार मंडळी, एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) शिकायला घेऊन तीन आठवडे झालेत, हेडिंग पॅराग्राफ लिंक इमेज इथपर्यंत मस्त चाललं होतं पण लिस्ट आणि टेबल आल्यापासून गाडी अडकलीय. सरावाला एकच पान करतोय, वर अभ्यासाच्या विषयांची यादी आणि खाली सोमवार ते शनिवारचं वेळापत्रक.

यादी ओएल (आकड्यांच्या यादीचा टॅग) मध्ये घेतलीय. मला १ गणित, २ विज्ञान, ३ भाषा असं हवंय आणि गणिताच्या खाली बीजगणित, भूमिती हे बुलेटने. त्यासाठी यूएल (बुलेटच्या यादीचा टॅग) टाकला, बुलेटही आले, पण २ हा आकडा बीजगणिताच्या शेजारी जाऊन बसतो आणि विज्ञानाला ३ मिळतो. आकडे मी हाताने टाकलेले नाहीत, तेच येतायत.

वेळापत्रकात पहिला कॉलम वेळेचा आणि पुढे सहा वार. मधली सुट्टी सगळ्या वारांवर पसरवायची म्हणून कॉलस्पॅन सात दिला तर ती ओळ उजवीकडून बाहेर जाते. बुधवारी प्रात्यक्षिक सलग दोन तास आहे, तिथे रोस्पॅन दोन दिला, तर खालच्या ओळीत बुधवारचा विषय गुरुवारखाली, गुरुवारचा शुक्रवारखाली असं सरकत सरकत शनिवारचा पार टेबलबाहेर. आणि दोन ओळींच्या मध्ये मी एक टीप लिहिली होती, ती उडी मारून टेबलच्या वर जाऊन बसलीय!! कोडमध्ये मध्येच आहे, पानावर वर दिसते. कितीतरी वेळा रिफ्रेश केलं.

अजून एक, एका जुन्या व्हिडिओत अख्खं पानच टेबलमध्ये बसवलेलं बघितलं, मेनू डाव्या टीडी मध्ये (टेबलच्या घरात) आणि मजकूर उजव्या. तसं शिकू का? आणि टेबलला रेघा का दिसत नाहीयेत?

वहीतला_कोपरा:

आधी यादी बघू. मी नवीन मुलांना हे शिकवते आणि आकडे असे पुढे सरकलेत म्हटलं की कोड न बघताही सांगता येतं की आतली यादी वेगळ्या एलआय (यादीतल्या एका मुद्द्याचा टॅग) मध्ये गेलीय. तू बहुतेक गणिताचा एलआय उघडून लगेच बंद केलास, मग आतल्या यूएल साठी नवा एलआय उघडलास. ओएल च्या दृष्टीने प्रत्येक एलआय म्हणजे एक मुद्दा, त्यात काय लिहिलंय ते तो बघत नाही, म्हणून त्या नव्या एलआय ला २ मिळाला आणि त्यातली पहिली ओळ बीजगणिताची, म्हणून आकडा तिच्या शेजारी.

आता क्रम नीट वाच. ओएल उघड, एलआय उघड, गणित लिही, इथे एलआय बंद करू नकोस. लगेच यूएल उघड, बीजगणिताचा एलआय उघडून बंद, भूमितीचा उघडून बंद, यूएल बंद. आणि मग गणिताचा एलआय बंद. आतली यादी गणिताचीच आहे ना, मग ती गणिताच्या एलआय च्या पोटातच राहायला हवी. प्रत्येक आतल्या पातळीला दोन स्पेस आत सरकवून लिहायची सवय लाव, ब्राउझरला त्या स्पेसने फरक पडत नाही पण कुठला टॅग कुठे मिटला ते तुला दिसतं, आणि या प्रकारातल्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

काही जण एलआय न वापरता यूएल थेट ओएल मध्ये ठेवतात. दिसायला ते बरोबर दिसतं म्हणून चूक कळतच नाही, पण नियमाप्रमाणे ओएल किंवा यूएल च्या आत थेट एलआय च येतो, बाकी सगळं त्या एलआय च्या आत.

बुलेट आत गेल्यावर पोकळ गोल झाला असेल तर घाबरू नकोस, पहिल्या पातळीला भरीव गोल, दुसरीला पोकळ, तिसरीला चौकोन हे ब्राउझर स्वतःच करतो. आकडे ५ पासून हवे असतील तर ओएल ला स्टार्ट दे, उलटे हवे असतील तर रिव्हर्स्ड, आणि १ २ ३ ऐवजी इंग्रजी अक्षरं किंवा रोमन आकडे हवे तर टाइप. आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मध्ये लिस्ट-स्टाइल-टाइप ला देवनागरी अशी किंमत देता येते (इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिही), मग इंग्रजी 1 2 3 जाऊन आपले आकडे येतात. मराठी पानावर ते इतकं छान दिसतं की करून बघच.

उभं_आडवं:

टेबलचं मी सांगतो. एक गोष्ट पक्की धर, टेबल आडव्या ओळींनी बनतं. टीआर म्हणजे ओळ, तिच्यात टीडी म्हणजे घरं. उभा कॉलम असा कुणी भरत नाही, प्रत्येक ओळीतलं तिसरं घर एकाखाली एक आलं की तिसरा कॉलम झाला. त्यामुळे टेबलमधल्या चुका मोजणीच्या असतात. चौकटीच्या कागदावर टेबल काढ आणि प्रत्येक ओळीची घरं मोज, तुझ्याकडे ती ७ यायला हवीत, १ वेळ आणि ६ वार.

मधल्या सुट्टीच्या ओळीत वेळेचा एक टीडी तू लिहिलाच आहेस, त्याच्यापुढे कॉलस्पॅन सात म्हणजे झाले ८. पसरणारं घर फक्त ६ वारांवर जातंय, म्हणून सहा लिही.

रोस्पॅनचं थोडं वेगळं आहे कारण ते पुढच्या ओळीत शिरतं. बुधवारचं प्रात्यक्षिक खालच्या ओळीतलं एक घर आधीच व्यापून बसलंय, तू त्या ओळीत परत सात टीडी लिहिलेस, परत ८. खालच्या ओळीतला बुधवारचा टीडी पूर्ण काढून टाक. रिकामा ठेवू नकोस, रिकामा टीडी पण घरच असतं! सहा टीडी ठेव, मग गुरुवार आपोआप गुरुवारखाली येईल.

टीपेची उडी. टेबलच्या आत पण कुठल्याही घराच्या बाहेर मजकूर सापडला की ब्राउझरला तो ठेवायला जागाच नसते, मग तो उचलून टेबलच्या आधी ठेवतो. हे एचटीएमएलच्या नियमांतच लिहिलेलं आहे त्यामुळे रिफ्रेश करून काही होणार नाही. टीप टेबलच्या खाली पॅराग्राफमध्ये लिही, नाहीतर मध्येच हवी असेल तर तिच्यासाठी एक टीआर आणि त्यात कॉलस्पॅन सातचा टीडी कर, इथे मात्र सात बरोबर कारण ओळीत दुसरं काही नाही.

रेघा मुळात येतच नाहीत, त्या सीएसएस मधून द्यायच्या. टीएच (शीर्षकाचं घर) आणि टीडी ला बॉर्डर दिलीस की प्रत्येक घराला वेगळी चौकट येईल आणि मध्ये बारीक फट दिसेल, तेव्हा टेबलला बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स दे, रेघा एक होतील. घरांना थोडं पॅडिंगही दे, अक्षरं रेघेला चिकटलेली वाचवत नाहीत. आणि एक जागा जिथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय, सीएसएस मध्ये टेबलचं थेट मूल टीआर असा सिलेक्टर (रूप कुठल्या टॅगला द्यायचं ते सांगणारा भाग) लिहिला होता आणि रंग काही केल्या लागेना. तू टीबॉडी (टेबलच्या ओळी गुंडाळणारा टॅग) लिहिला नाहीस तरी ब्राउझर स्वतःहून घालतो, त्यामुळे टीआर हे टेबलचं थेट मूल उरतच नाही. इन्स्पेक्ट करून बघ, न लिहिलेला टीबॉडी तिथे दिसेल.

जुन्या व्हिडिओबद्दल. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये टॅग्सची जी पहिली यादी मांडली तिच्यात यूएल आणि एलआय होते, टेबल नव्हतं. टेबल १९९६ च्या आरएफसी १९४२ (इंटरनेटचा एक तांत्रिक दस्तऐवज) मध्ये लिहून आलं आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये मानकात बसलं. सीएसएस तेव्हा नुकतंच आलेलं, ब्राउझर ते धड पाळत नव्हते, म्हणून लोकांनी पानाची मांडणी टेबलवर बसवली, दुसरा मार्गच नव्हता त्यांच्याकडे. आता मांडणीसाठी सीएसएस मध्येच फ्लेक्सबॉक्स आहे, ग्रिड आहे, तो व्हिडिओ सोड.

कानाने_वाचणारा:

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त माझ्या बाजूने सांगतो. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वेब वाचतो, आणि लिस्ट टेबल नीट केलेत की नाही ते मला पहिल्या सेकंदात कळतं.

नीट केलेल्या यूएल वर आलो की स्क्रीन रीडर आधीच सांगतो, यादी, तीन घटक. मग मी ठरवतो ऐकायची की उडी मारून पुढे जायचं. पण लोक काय करतात, पॅराग्राफमध्ये डॅश टाकून बीआर ने ओळी तोडतात. डोळ्यांना यादी दिसत असेल, मला ते एक लांबलचक वाक्य ऐकू येतं, डॅश डॅश करत, किती उरलंय काही पत्ता नाही.

टेबलमध्ये तर याहून जास्त फरक पडतो. शिकतोय_रोज, तू वारांची ओळ टीडी मध्ये ठळक करून लिहिली असशील तर कृपा करून ती टीएच कर, स्कोप कॉल (हे शीर्षक कॉलमचं आहे असं सांगणारं) देऊन. आणि प्रत्येक ओळीतल्या वेळेच्या घराला टीएच आणि स्कोप रो. मग मी एका घरातून शेजारच्या घरात गेलो की मला "गुरुवार, विज्ञान" असं ऐकू येतं, खाली गेलो की नवी वेळ ऐकू येते. टीएच नसेल तर नुसतं विज्ञान, भाषा, गणित, भाषा. कुठल्या वाराचं, किती वाजताचं, ते परत परत वर जाऊन मोजून लक्षात ठेवावं लागतं. सात कॉलमच्या वेळापत्रकात हे किती दमवतं ते एकदा डोळे मिटून करून बघ.

टेबल उघडल्या उघडल्या पहिला टॅग कॅप्शनचा ठेव, "आठवड्याचं वेळापत्रक" एवढं पुरे. पानावर तीन टेबलं असली तर मला कुठलं कुठलं ते त्यानेच कळतं.

शिकतोय_रोज:

ताई, दादा, खूप खूप आभार. यादी झाली!! गणिताचा एलआय बंद करायची जागा बदलली आणि २ विज्ञानाला आला, देवनागरी आकडे पण आले, दहा मिनिटं नुसतं बघत बसलो होतो.

टेबलमध्ये कॉलस्पॅन सहा केला, बुधवारखालचा टीडी काढला, मोजणी सगळ्या ओळींत ७ आली. टीप खाली नेली. आणि दादा, वारांची ओळ मी खरंच टीडी मध्ये ठळक करून लिहिली होती, हे असं कुणाला ऐकू येत असेल हा विचारच मनात आला नव्हता. आता वार आणि वेळ दोन्ही टीएच, स्कोप दिलाय, कॅप्शन टाकलंय. फोनमधला स्क्रीन रीडर चालू करून ऐकलं, "बुधवार, प्रात्यक्षिक" असं बोलला.

फक्त फोनवर टेबल रुंद पडतं, पूर्ण पानच आडवं सरकतं. घरं कमी करू का?

उभं_आडवं:

घरं कमी करू नकोस. टेबलभोवती एक डिव्ह (नुसता गुंडाळणारा टॅग) घाल आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दे, मग पान जागेवर राहतं आणि फक्त टेबल आडवं सरकतं.

कानाने_वाचणारा:

आणि त्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्य पण दे, म्हणजे कीबोर्डच्या बाणांनीही सरकवता येतं, माऊस न वापरणारे बरेच असतात. पान झालं की लिंक टाक, मी अख्खं वेळापत्रक ऐकून कुठे अडतंय का ते सांगतो.