व्याही जेवायला येतायत, त्यांच्याकडे जेवणाआधी प्रार्थना असते. आम्ही काय करायचं?

लालबागची_आई
नमस्कार मंडळी. धाकटीचं ठरलंय. मुलगा मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबईतलेच मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतात. येत्या रविवारी त्याचे आईवडील आणि आजी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येतायत. आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ताटं वाढून झाली आणि सगळे एकदम गप्प. कपाळ, छाती, खांद्यांना हात लावले, दोन ओळी म्हटल्या आणि लगेच "घ्या, करा सुरुवात". आमच्या ह्यांचा हात पापडावर तसाच राहिला होता.

आता आमच्या घरी त्यांना "तुमची प्रार्थना करा" असं सांगायचं, की नुसतं थांबायचं? माझे सासरे माळकरी, वदनी कवळ मोठ्याने म्हटल्याशिवाय घास घेत नाहीत. त्यांना गप्प बसवणं माझ्या बापाला जमणार नाही. शिवाय मी रोज देवाला नैवेद्य दाखवते, तो त्यांना चालतो का? मुलीला विचारलं तर म्हणते, "आई, टेन्शन नको घेऊ." म्हणून इथे विचारतेय.

पाव_किलो_अक्कल
काकू, वांद्र्याला मित्राकडे शंभरदा जेवलोय. हात मांडीवर, मान खाली, दहा सेकंद. झालं. एवढं काही नसतं.

मनोरीकर
ताई, मी मनोरीचा, ख्रिस्ती कोळी. आधी त्या प्रार्थनेत असतं काय ते सांगतो, निम्मी काळजी तिथेच मिटेल. क्रूसाची खूण करायची आणि म्हणायचं: हे प्रभो, आम्हाला आशीर्वाद दे आणि तुझ्या कृपेने मिळालेल्या या अन्नालाही, आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे, आमेन. संपलं. मूळ लॅटिन आहे, जगभरातल्या कॅथलिक घरांत आपापल्या भाषेत हीच चालते. माझी आजी लॅटिनमध्येच म्हणायची, "बेनेदिक दोमिने". अर्थ विचारला की म्हणायची, जेव गुमान. आशीर्वाद आधी माणसांना मागितलाय, मग जेवणाला, हे मला फार आवडतं. भात करपला तरी पंगतीचं काही बिघडत नाही.

लहानपणी मी वडिलांबरोबर होडीवर जायचो. टोपात भात, वर कालवण. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि ओल्या हातानेच क्रूस करायचा, मासळीचे खवले कपाळाला चिकटायचे. खलाशांत हिंदू कोळीही असत. ते तेवढा वेळ हात थाळीबाहेर ठेवत, बस्स. बायबलमध्येही असंच आहे. प्रेषितांची कृत्ये, २७वा अध्याय. संत पौल कैदी म्हणून तारवावर, १४ दिवस वादळ, २७६ माणसं, कोणाच्या पोटात अन्न नाही. तो सगळ्यांदेखत भाकर घेतो, देवाचे आभार मानतो आणि मोडून खायला लागतो. कोणाला माझ्यामागून म्हणा म्हणत नाही. त्याला खाताना बघून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही जेवतात.

तेव्हा तुमच्या सासऱ्यांना खुशाल वदनी कवळ म्हणू द्या, घर त्यांचं आहे. मग "आजी, तुमचीही होऊ द्या" एवढं म्हणा. तुम्ही हात जोडलेत तरी पुरे. क्रूस मात्र करू नका, उगाच दिखावा वाटतो.

नैवेद्याचं तेवढं सरळ विचारून घ्या. पौलानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलंय, पहिलं पत्र, १०वा अध्याय: पुढे वाढलेलं खा, चौकशा करू नका, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणून काही घरं प्रसाद घेत नाहीत, काही घेतात. आमची बायको शेजारच्या गणपतीचा मोदक सोडत नाही. आजींचं मला काय ठाऊक. नैवेद्याचं ताट दाखवून झालं की ते घरच्यांनीच घ्या, पातेल्यात परत मिसळू नका, म्हणजे प्रश्नच नाही.

आणखी एक. रविवारी ते मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून येणार. त्यात पवित्र भाकर घेतात, ते कम्युनियन. त्याआधी तासभर काही खायचं नसतं, आणि जुनी माणसं तर सकाळपासून चहासुद्धा घेत नाहीत. पानं लवकर घ्या.

दादरकर_निवृत्त
एका जेवणाला दोन दोन प्रार्थना? पंगत आहे की सर्वधर्मसभा? त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक मिनिट मौन पाळावं, कोणाचं मन दुखणार नाही.

मनोरीकर
साहेब, एक मिनिट मौन शोकसभेत पाळतात.

लालबागची_आई
मनोरीकर, फार मोठी मदत झाली. नैवेद्याचं वेगळंच ठेवते. आता मटणाचं सांगा कोणीतरी. सध्या त्यांचं लेंट, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू आहे म्हणे. मग सगळंच शाकाहारी करू का?

गावठाणातली_सून
मी माहेरची साताऱ्याची, सासर कॅथलिक, त्यामुळे हे सगळं पार केलंय. लेंटमध्ये मांस वर्ज्य ते राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, आणि शुक्रवारी. उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्यांना. रविवारी मटणाला बंदी नाही. पण काही घरांत स्वतःहून ईस्टरपर्यंत मटण सोडतात, आमच्या सासूबाई त्यातल्याच. विहिणीला एक फोन करा, त्यांनाही बरं वाटेल.

आणि जेवणानंतरचीही एक प्रार्थना असते, ते कोणी सांगितलंच नाही. आभाराची, शेवटी गेलेल्या माणसांच्या आत्म्याला शांती मागतात. हल्ली बऱ्याच घरांत ती मागे पडलीय, पण आजी म्हणत असतील. ताटं उचलायची घाई करू नका. माझ्या पहिल्या जेवणाला मी आमटीचं पातेलं घेऊन उभी आणि सासरे डोळे मिटून बसलेले.

लालबागची_आई
फोन केला. मटण चालतं, आजींनी फक्त गोड सोडलंय. म्हणजे श्रीखंड कॅन्सल. सासऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "पाहुण्यांची आधी होऊ दे. माझं लांबतं, त्यांचं मटण गार होईल."